कावळ्यापुढे दिलेला शब्द

उपाध्यांच्या घरच्या पिंडाला कावळा शिवेना, ही बातमी रामकुंडावरच्या चहाच्या गाड्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

अप्पांनी जन्मभर दुसऱ्यांच्या बापांसाठी कावळे बोलावले. यजमान रडवेले झाले की अप्पा आभाळाकडे बघून अशी काही हाक घालत, की पंचवटीतला आळशातला आळशी कावळासुद्धा उठून यावा. आणि आज दहाव्याला, त्यांच्याच भाताच्या पिंडाकडे पाठ फिरवून, सगळी कावळेमंडळी पलीकडच्या कठड्यावर बसून होती. मानपान राहिल्यावर व्याही बसतात तशी.

यज्ञेश्वर पुढे उभा होता. थोरला मुलगा, त्यामुळे कर्ता तोच. ओलं धोतर, नुकतंच भादरलेलं डोकं, आणि चेहऱ्यावर दुःखापेक्षा अब्रूची काळजी जास्त. सुतकात त्याला स्वतःला मंत्र सांगता येईनात, म्हणून शेजारच्या घाटावरच्या गुरुजींना बोलवावं लागलं होतं. ते गुरुजी आता दर्भाची जुडी सोडायला लागले. खरा कावळा आला नाही, तर दर्भाचा करून पिंडाला लावायचा. शास्त्रात सोय आहे. पण उपाध्यांच्या घरी दर्भाचा कावळा म्हणजे हलवायाच्या पोराच्या लग्नात बाहेरून आणलेले पेढे.

"थांबा हो जरा," यज्ञेश्वर म्हणाला. "घाई काय आहे?"

"मला काही नाही," गुरुजी गोड हसले. "तुम्हीच जाणते."

त्या हसण्याची नोंद कुसुमनं मनातल्या मनात केली. कुसुम अप्पांची मधली लेक. सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये तिची सगळी नोकरी झाली होती. कुठला माल आला, कुठला गेला, कागदावर गेलेला पण फळीवर पडून असलेला कुठला, हे बघण्याची डोळ्यांना सवयच लागलेली. आणि निवृत्तीनंतर फळ्या राहिल्या नाहीत म्हणून तिनं ती नातेवाइकांना लावली होती.

कबुल्या देणं सुरू झालं होतं. मेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखायचं, तसा शब्द द्यायचा, की कावळा येतो.

धाकटा दिनेश पुढे झाला. "अप्पा, दादाच्या पाठीशी मी कायम उभा राहीन."

कुसुमला हसू आवरेना. दिनेशचं मत म्हणजे भाड्याची खोली, शेवटी जो येईल तो राहील. कावळ्यांनाही हे ठाऊक असावं.

मग यज्ञेश्वरचा मुलगा धवल. "आजोबा, मी रोज संध्या करीन." एका कावळ्यानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा नदीकडे बघायला लागला.

"अजून पुढे या, सगळे जवळ या," यज्ञेश्वर म्हणाला. सगळे दाटीवाटीनं पिंडाभोवती उभे राहिले. त्याची नजर सगळ्यांवरून फिरत दिनेशच्या मुलीवर, आभावर येऊन थांबली.

ही नजर कुसुमनं या घाटावर पूर्वी पाहिली होती, दुसऱ्या डोळ्यांत.

आभा समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. अभ्यासक्रमाचा शेवटचा भाग म्हणून तिला पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर राहून काम करायचं होतं. ते अर्ध्यावर आलं आणि अप्पा गेले. कॉलेजातल्या बाईंनी तिला दहाव्यापर्यंत सवलत दिली होती. उद्या तिला परत हजर व्हायचं होतं, आणि उद्याच त्या गावात ग्रामसभा होती.

"अप्पा," यज्ञेश्वर दोन्ही हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "तुमचा जीव आभात अडकलाय, कळतंय मला. पोरीला पुन्हा त्या डोंगरात पाठवणार नाही. ते शिक्षण पुरे झालं. मार्गशीर्षात चांगलं स्थळ बघून तिचे हात पिवळे करतो. हा माझा शब्द." आणि लगेच, त्याच दमात, "सरा. मागे सरा सगळे."

सगळे मागे सरले. कठड्यावरून एक कावळा उडाला, पिंडाला चोच लावून भाताची मूद अर्धी विस्कटून गेला. पाठोपाठ दुसरा आला.

"सुटले!" संध्या, आभाची आई, पदर तोंडाला लावून रडायला लागली. "सुटले हो अप्पा."

गुरुजींनी दर्भाची जुडी पुन्हा बांधली. आभा कावळ्याकडे बघत नव्हती; मोठ्या काकांकडे बघत होती.

*

कुसुमची आई गेली तेव्हा कुसुम नर्सिंग शिकत होती. दहाव्याला कावळा येईना. अप्पांनी हात जोडले, "कुसुमला यंदा उजवून टाकतो, शब्द देतो," म्हणाले, आणि कावळा आला. कुसुमनं पांढरा ड्रेस ट्रंकेत घातला आणि पिंपळगाव बसवंतच्या घरात सून म्हणून गेली. त्या लग्नाचं पुढे काय झालं आणि ती सातपूरला खोली घेऊन एकटी का राहायला लागली, हे घरात कुणाला नव्यानं सांगायला नको.

पुढे एकदा, चहा द्यायला माजघरात जाताना, तिनं अप्पांना यज्ञेश्वरला धंदा शिकवताना ऐकलं होतं. "लोकांना पिंडाला चिकटून उभं करायचं. कावळा येत नाही म्हटलं की माणसं खरं बोलायला लागतात. चांगला शब्द कुणाच्या तोंडून निघाला, की मागे सरायला सांगायचं. कावळा माणसाला भितो रे, शब्दाला नाही."

अप्पांना ती फसवणूक वाटत नसे, हेही तितकंच खरं. त्या युक्तीनं त्यांनी भांडलेले भाऊ घाटावर मिठीत आणले होते, म्हाताऱ्या आयांना घरात जागा मिळवून दिली होती. जमेची बाजू रिकामी नव्हती. फक्त खर्ची कोण पडलं, ते बघायला कुणी फिरकलं नव्हतं.

*

घरी आंघोळी झाल्या. जेवणं उरकली, पण पाटांवरून कुणी उठेना. यज्ञेश्वरनं हात पुसता पुसता, मीठ मागावं इतक्या सहज विषय काढला.

"आभा, तुझ्या कॉलेजात फोन करून टाक. उद्यापासून येत नाही म्हणून."

"मी उद्या सकाळी निघतेय काका," आभा म्हणाली. "पेठच्या पहिल्या एसटीनं."

दिनेश घाईनं म्हणाला, "अगं, दादानं शब्द दिलाय."

"तो मी ऐकला बाबा. मी शेजारीच उभी होते. मला कुणी विचारलं नाही."

"तुला काय विचारायचं?" यज्ञेश्वर अजून शांत होता. "घराचा कर्ता शब्द देतो तो घराचा असतो."

"मग कर्त्यानं पाळावा. तुम्ही जाऊ नका पेठला. मी कुठे जा म्हणतेय?"

धवलला ठसका लागला. त्याच्या आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला, तो ठसक्यासाठी होता की हसण्यासाठी ते कळलं नाही.

"जीभ फार चालायला लागलीय," यज्ञेश्वर म्हणाला. "हेच शिकवतात का तिथे?"

"तिथे उलट शिकवतात. कमी बोला, ऐका. आणि समोरच्याला विचारल्याशिवाय त्याच्या वतीनं काही ठरवू नका. हे पहिल्याच महिन्यात शिकवतात."

"वा! आणि त्या पाड्यावर जाऊन करतेस काय? भाषणं देतेस?"

"नाही. बसते."

यज्ञेश्वर मनापासून हसला. दिनेशही हसला, कारण तो दादाच्या शेजारी बसला होता.

"बसायचं शिक्षण! त्यासाठी दोन वर्षं लागतात? आमचा दिनेश ते जन्मजात शिकून आलाय."

दिनेशचं हसू अर्ध्यात राहिलं. कुसुमनं ते बरोबर टिपलं. यज्ञेश्वरची ही जुनी खोड होती. ज्या फांदीवर बसायचं, तिच्यावरच कुऱ्हाड घालायची.

आभाचा फोन वाजला. पाड्यावरच्या माणसांना फोनवर हळू बोलणं मंजूर नसतं, आवाज डोंगरावरून यायचा असतो ना. तिनं उचलला आणि तो सगळ्या खोलीत ऐकू आला.

"ताई, मी झुंबरबाई. उद्या येशील ना? आमी समद्या येणार हाव सभेला. पर तू नाय आली तं बाया मागं सरतील."

"येते झुंबरबाई."

"तुज्या घरी मयत झालंय ना गो? आमाला वाटलं, आता कशी येल."

"येते म्हटलं ना."

फोन बंद झाला. यज्ञेश्वरनं हात पसरले. "कोण ही झुंबरबाई? तुझी काय लागते?"

"कुणी नाही लागत. दिवाळी झाली की पाड्यावरची निम्मी घरं द्राक्षाच्या कामाला पिंपळगावकडे येतात. पोरंही बरोबर जातात, शाळा सुटते. बायकांचं म्हणणं आहे, पोरं गावात म्हाताऱ्यांजवळ राहू देत, शाळेतच दोन्ही वेळचं जेवण द्या. ते त्या उद्या सभेत मागणार आहेत."

"त्या मागणार ना? मग तू नसलीस तर काय अडतं?"

"मागच्या सभेत त्या उभ्या राहिल्या तेव्हा कुणीतरी ओरडलं, बायांना कुणी बोलावलं? त्या खाली बसल्या. या वेळी त्यांनी ठरवलंय, मी मागे बसायचं. मी बोलायचं नाही, फक्त बसायचं. हे त्यांनी ठरवलंय काका, मी नाही. मी हो म्हटलं. तुम्ही मेलेल्या माणसाला शब्द दिलात. मी जिवंत बायकांना दिलाय."

यज्ञेश्वरचा चेहरा काळवंडला. पण तो बोलला तेव्हा आवाज चढला नव्हता, आणि कुसुमला त्याचंच भय वाटलं.

"ऐक. तुला वाटतं, मी आडमुठा भट. माझ्याकडे रोज माणसं रडत येतात आणि हलकी होऊन जातात. कुणी बायकोला मारलेलं असतं, कुणी आईला टाकलेलं. मी त्यांच्याकडून कबूल करून घेतो. तुझं कॉलेज निघण्याआधीपासून आमच्या सात पिढ्या हेच काम करतायत. फक्त आम्हाला पदवी देत नाहीत."

हे त्याचं बोलणं सगळंच चुकीचं नव्हतं. आभानंही मान हलवली. "मला माहीत आहे काका. मी तुमच्याकडेच बघून या शिक्षणाकडे वळले."

यज्ञेश्वरला हे अपेक्षित नव्हतं. तो मान झटकून म्हणाला, "मग माझा मान ठेव."

कुसुम उठली. "आभा, जरा मागे ये. भांडी आवरू."

*

मोरीजवळ तिनं आभाचा दंड धरला. "मी आता सांगून टाकते सगळ्यांना. तो कावळा कसा आला ते. दादानं लोकांना कसं—"

"मागे सरायला सांगितलं, म्हणून आला," आभा म्हणाली. "माहितीये मला आत्या. शाळेला सुट्टी असली की मी घाटावरच खेळायचे. कुठल्या गुरुजींचा कावळा कधी येणार, यावर आम्ही मुलं पैज लावायचो."

"मग बोलत का नाहीस?"

"आईकडे बघितलंत? अप्पा अंथरुणाला खिळले तेव्हापासून ती नीट झोपलेली नाही. आज घाटावरून आल्यापासून तिचा चेहरा बघा. ते काढून घेऊन मी काय मिळवू?"

"तुझं आयुष्य मिळवशील गं बये! माझं असंच गेलं. मला कुणी सांगितलं असतं तर..."

"सांगितलं असतं तर तुम्ही लग्नाला नाही म्हणाला असता?"

कुसुमनं तिचा दंड सोडला.

"आणि दुसरं," आभा म्हणाली. "कावळा खोटा म्हणून मी गेले, तर त्याचा अर्थ होतो, खरा असता तर राहिले असते. नसते राहिले आत्या. खुद्द अप्पा उठून बसले असते आणि म्हणाले असते जाऊ नकोस, तरी गेले असते. त्यांना वाईट वाटलं असतं, मलाही वाटलं असतं. पण गेले असते."

घरातल्या बायकांनी आजवर किती निमित्तं वापरली होती! पोटदुखी, माहेरचं आजारपण, उपास, व्रत. कुसुमनं स्वतः सातपूरची नोकरी 'तात्पुरती' म्हणून धरली होती. ही पोरगी निमित्ताशिवाय निघाली होती.

"मग मी काय करू?" कुसुमनं विचारलं. असा प्रश्न तिनं कुणाला बऱ्याच वर्षांत केला नव्हता.

"तुम्हाला वाटेल ते," आभा म्हणाली, आणि मग खट्याळपणे, "तुमच्या वतीनं मी कसं ठरवू?"

*

दोघी बाहेर आल्या तेव्हा यज्ञेश्वर उभा होता.

"शेवटचं सांगतो. उद्या या घरातून पाय बाहेर टाकलास, तर तेराव्याला यायचं नाही. तुझं पान मांडलं जाणार नाही."

"मग माझंही मांडू नकोस," कुसुम म्हणाली.

"तू मधे पडू नकोस कुसुम."

"मी मधलीच आहे दादा, मला दुसरी जागा कुठाय? तेराव्याला तू आणि दिनेश जेवा, आणि ते शेजारच्या घाटावरचे गुरुजी बोलवा. ते फार गोड हसतात."

धवल म्हणाला, "बाबा, जाऊ द्या ना तिला. फक्त सभा तर आहे."

"तू गप्प बस!" यज्ञेश्वर ओरडला. आपली बाजू हातची सुटतेय हे त्याला दिसलं, आणि त्यानं घाटावर कधी केली नसती अशी चूक केली. ज्याच्या डोळ्यांत आधीच पाणी आहे, त्याला भीती घालू नये, हे अप्पांनी त्याला शिकवलेलं होतं. तो नेमका संध्याकडे वळला.

"तुझ्या मुलीला समजाव संध्या. कावळा त्या शब्दावर आलाय, सगळ्यांनी पाहिलंय. शब्द मोडला आणि अप्पांचा जीव पुन्हा अडकला, तर ते पाप कुणाच्या डोक्यावर? तिच्या नाही, तिला देवधर्म नाही. तुझ्या."

संध्या भिंतीशी बसून होती. कुसुमच्या हिशोबात ती कायम एकाच फळीवर होती: हलवायची नाही, विचारायची नाही, घरात आहे एवढंच धरून चालायचं. भाऊजी म्हणतील ते, नवरा म्हणेल ते. आता ती रडेल आणि पोरीचे पाय धरेल, मग आभाचं अवघड होईल, असं कुसुमला वाटलं.

संध्यानं पदरानं चेहरा पुसला.

"भाऊजी, अप्पांचं सगळं मी केलं. भरवलं, धुतलं, पुसलं. त्यांचा जीव कशात होता ते मला कुणी विचारलं का?"

"आता हे काय..."

"गवारीच्या भाजीत होता. डॉक्टरांनी बंद केली होती ना. रोज मागायचे, मी नाही म्हणायचे. घाटावर मी म्हटलंसुद्धा, गवार ठेवू या का पानात म्हणून. कुणी मान वळवली नाही." तिचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "आभाचं नाव त्यांनी काढलं ते एकदाच. म्हणाले, पोरगी रात्रीची एसटीनं येते, तिला खायला ठेवत जा."

दिनेशनं मान खाली घातली.

"तरी कावळा आला भाऊजी. मी पाहिला. मी तुमच्यासारखी शिकलेली नाही आणि तिच्यासारखीही नाही. माझा विश्वास आहे. शब्द मोडला तर पाप लागतं, हेही मी मानते." ती उभी राहिली. भिंतीला धरून, पण उभी राहिली. "लागू दे. माझ्या डोक्यावर म्हणालात ना? चालेल. वर्षश्राद्धाला मी स्वतः पिंडासमोर उभी राहीन आणि अप्पांना सांगेन, शब्द मोडायला लावला तो मी. कावळा माझ्यावर रुसला तर रुसू दे. पोरगी जाईल."

यज्ञेश्वर बोलायला गेला. संध्यानं हात वर केला नाही, डोळेही वटारले नाहीत. फक्त त्याच्या बोलण्याची वाट बघत उभी राहिली. विश्वास नसणाऱ्याला उत्तर देण्याचा त्याला सराव होता. विश्वास ठेवून पाप पत्करणाऱ्या बाईला काय सांगायचं, हे सात पिढ्यांत कुणी शिकवलं नव्हतं.

कुसुमनं दिनेशकडे पाहिलं. तो उठून संध्याशेजारी जाऊन उभा राहिला होता. शेवटी कोण आलं होतं, ते त्याच्या लक्षात आलं असावं.

*

सकाळी आभा सॅक पाठीला लावून दारात आली. रात्री तिथेच राहिलेली कुसुम तिला स्टँडवर सोडायला स्कूटर काढून खाली थांबणार होती, पण चप्पल घालता घालता रेंगाळली. यज्ञेश्वर झोपाळ्यावर बसून होता, पेपर उघडा, डोळे अक्षरावर नाहीत.

सुतकातल्या घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत. पुन्हा अशाच कारणानं यावं लागेल, अशी भीती असते. माणसं मान खाली घालून गुपचूप निघून जातात. समाचाराला आलेल्या सगळ्यांनी तो रिवाज पाळला होता. कुसुमनंही रोज सातपूरला परतताना पाळला होता.

आभा उंबऱ्यात थांबली, मागे वळली.

"आई, येते," ती चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली. "काका, येते."

यज्ञेश्वरनं पेपर खाली घेतला. तो काही म्हणणार, इतक्यात आतून संध्या डब्याचं झाकण लावत बाहेर आली. डबा तिनं आभाच्या हातात दिला.

"ये," ती म्हणाली. "आणि आलीस की सांग, त्या बायका काय काय बोलल्या ते."